ठसकाबाईंचं विसरणं

ठसकाबाई जाऊन बरीच वर्षं लोटली, तरी त्यांच्या नकलांवर पोट भरणाऱ्यांना तोटा नव्हता. कमरेवर हात ठेवायचा, गाता गाता प्रेक्षकांची फिरकी घ्यायची आणि शेवटच्या गाण्यात ओळ विसरल्याचं सोंग आणायचं. बाई ओळ विसरल्या की कपाळाला हात लावायच्या आणि लोक हसून बेजार व्हायचे. नकलाकारांना तेवढंच जमायचं. तसा गळा आणणार कुठून?

आपली गायिका त्यातली नव्हती. लहानपणापासून तिचा ठसकाबाईंवर जीव. त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा आमंत्रण द्यायला ती त्यांच्या लेकीकडे गेली. या ताई औषधांचं दुकान चालवायच्या. गोळ्यांच्या पाकिटावरची नजरही न उचलता त्या म्हणाल्या, "येईन. पण आईचं ते विसरणं केलंत, तर भर कार्यक्रमातून उठून जाईन. आधीच सांगून ठेवते."

"नाही करणार, ताई. शब्द देते."

सभागृह खच्चून भरलं. ताई पहिल्या रांगेत, चेहरा असा की जणू हसण्यावर कर बसलाय. गायिका मात्र छान गायली, कोणाचीही नक्कल न करता, स्वतःच्या आवाजात. शेवटी घोरणाऱ्या नवऱ्याचं गाणं आलं. "उशी बदलली, खोली बदलली..." आणि पुढची ओळ गायब! पेटीवाल्या काकांनी सुरावट पुन्हा वाजवली, परत वाजवली. गायिकेच्या तोंडचं पाणी पळालं. नकळत तिचा हात कपाळाला गेला आणि सभागृहात हशा उसळला. लोकांना वाटलं, वा, हुबेहूब!

ताई उठून उभ्या राहिल्या.

संपलं, गायिकेच्या मनात आलं. दिलेला शब्द मोडला, आणि तोही इच्छा नसताना. पण ताई दाराकडे वळल्याच नाहीत. जागेवर उभ्या राहून, ओठ ठळक हलवत त्यांनी ओळ सांगितली, "घोरणं तेच राहिलं." गायिकेने ती उचलली आणि गाणं कसंबसं तडीस नेलं.

नंतर रंगपटात ती हात जोडून म्हणाली, "ताई, मुद्दाम नाही हो केलं. खरंच विसरले."

"कळलं मला. आईसुद्धा खरंच विसरायची." ताई खुर्चीवर टेकल्या. "आजार होता तो. मी पहिल्या रांगेतून अशाच ओळी सांगायचे. लोकांना वाटायचं, काय नाटकी बाई आहे! ती किती घाबरलेली असायची, ते कोणाला दिसायचंच नाही. शेवटी शेवटी तर तिने मलाही ओळखलं नाही."

गायिकेला रडू आवरेना. "मीही हसायचे, ताई. त्या जागेची वाट बघत बसायचे."

"हसायचंच. लोक हसले की तिला जरा धीर यायचा."

ताईंनी तिचा हात हातात घेतला. तो अजून बर्फासारखा गार होता.

"तिचेही हात असेच गार पडायचे," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ तो चोळत बसल्या.