सगळ्यांना जवळचं घर

घर घेताना नवरा म्हणाला होता, "इथून सगळं जवळ आहे." स्टेशन समोर, मॉल शेजारी. खरंच होतं. फक्त आम्हीही सगळ्यांना जवळ पडू, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

दर शनिवारी नणंद लाइनच्या पार शेवटच्या स्टेशनाहून यायची आणि "वहिनी, बॅग ठेवते हं जरा," म्हणून मॉलमध्ये पसार व्हायची. मागोमाग मावससासूबाई गाडीची वेळ होईपर्यंत पाठ टेकायला यायच्या. मला माझ्याच सोफ्यावर बूड टेकायला जागा नसायची.

या शनिवारी मी नणंदेच्या बॅगेतून तिच्या घराची किल्ली काढली, मावससासूबाईंना चहापत्तीचा डबा दाखवला आणि सरळ तिचं शेवटचं स्टेशन गाठलं. नणंदेच्या पलंगावर मस्त ताणून दिली. दारावरची बेल एकदाही वाजली नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "वहिनी, आहेस कुठे? माझी किल्ली सापडत नाहीये!"

"तुमच्या घरी आहे, वन्सं. किल्लीही आणि मीही."

"तिथे? कशाला?"

"तुमचं घर कुणालाच जवळ पडत नाही हो! पुढच्या शनिवारीही या आमच्याकडे. बॅग तेवढी विसरू नका."