अर्धा इंच आणि तेरा नंबर

मित्रांनो, माझ्या अंगावर ठोकलेला आकडा आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बोटाने चाचपावा लागतो: एक छेद दोन. मी अर्ध्या इंचाचा पाना आहे, जुना आणि बराच काळवंडलेला. बोटींच्या इंजिनांचे नट सोडवणे आणि आवळणे, हेच माझे आयुष्य. पण माझी गोष्ट सांगायची तर आणखी एकाचे नाव घ्यावे लागते, आणि तेच माझ्या जिवावर येते. त्याचे नाव तेरा.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल तापलेल्या पोलादावर घणाचे घाव पडले, मग मला तेलात बुडवले. शेवटी माझ्या जबड्यांमधले अंतर असे नेमके राखले की अर्ध्या इंचाचा नट त्यात बसला की खुळखुळू नये. बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मला घेतले तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि धक्क्यावरची सगळी इंजिने इंचांची होती. इंजिनाखाली आडवा पडून तो न बघता हात मागे करी आणि त्याच्या हाताला नेमका मीच लागे. “या अर्ध्याशिवाय माझं पान हलत नाही,” असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

पुढे मिलिमीटरची इंजिने आली. मिस्त्रीची मुलगी काम शिकून तयार झाली आणि तिने स्वतःचा नवा संच आणला. भिंतीवर माझा एक खिळा होता. त्या खिळ्यावर तिने तेरा मिलिमीटरचा पाना अडकवला आणि मला पत्र्याच्या डब्यात टाकले. तेरा चकचकीत होता, इतका की त्यात खिडकी दिसायची. त्याची मान किंचित वाकडी होती, त्यामुळे अडचणीच्या जागी तो सहज शिरायचा. दिवसभर “तेरा दे”, “तेरा कुठंय?”, “अरे, तेरा आण”. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणून मी धीर धरला. नऊ वर्षे झाली तरी ते दिवस सरले नाहीत.

एके सकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, हा डबा आज भंगारवाल्याला देऊन टाकते. उगाच जागा अडवतोय.”

“दे की,” मिस्त्री म्हणाला. त्याने चहाच्या कपातून मानही वर केली नाही.

दे की! तेराला कुणी असे देऊन टाकले असते का?

तेवढ्यात खाडीच्या पलीकडच्या काठावर माणसे पोहोचवणारा नावाडी धावत आला. त्याची बोट आमच्या कारखान्यासमोरच्या उतारावर ओढून ठेवली होती. “ताई, इंजिन चुलीसारखं तापतंय. दुपारच्या भरतीला बोट तरंगली नाही, तर पुन्हा एवढं पाणी पंधरा दिवसांनी. पलीकडच्यांना दुसरी वाट नाही हो!”

इंजिन माझ्याच वयाचे होते. मुलीने आधी इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंप उघडला. तेरा त्याच्या नटांवर अगदी चपखल बसला. पंप ठीक निघाला. म्हणजे पाणी पुढच्या वाकड्या नळात अडत होते, इंजिनाचा धूर आणि तापलेले पाणी बाहेर नेणाऱ्या नळात. तो दोन नटांवर बसवलेला होता. तिने तोच तेरा पहिल्या नटावर चढवला.

इथेच चूक झाली, मित्रांनो. पंप मागाहून बसवलेला, मिलिमीटरचा. नळ मूळचा, इंचाचा. पंपाला तेरा लागला म्हणून तिने सगळ्या इंजिनाला तेरा लागणार असे धरले. अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. फरक तीन कागदांच्या जाडीएवढा. तेरा नटावर बसतो, पण किंचित हलतो. तिने जोर लावला, तो सटकला. बोटांची सालटी निघाली. तिने पुन्हा जोर लावला. नटाचे कोपरे घासून गोल झाले.

मी डब्यात पडून ते ऐकत होतो आणि मनातल्या मनात नाचत होतो. घसर, आणखी घसर!

मिस्त्री उठून आला, त्याने नटावर अंगठा फिरवला. “अगं, हा इंचाचा आहे. अर्धा कुठंय?”

“डब्यात.” मग हळूच, “भंगारच्या.”

किती वर्षांनी ती हाक आली! मी ऐटीत त्या नटावर बसलो, मिस्त्रीने दाबले आणि मीही सटकलो. पुन्हा सटकलो. गोल झालेल्या नटाला अर्धा काय नि तेरा काय! ज्या घसरण्यावर मी नाचलो होतो, तेच आता माझ्या वाट्याला आले होते.

“गेला का पाना म्हाताऱ्याचा?” नावाड्याने विचारले.

“पान्याला काय धाड भरलीय? धरायला कोपरे तरी ठेवलेत का पोरीने?” मिस्त्री म्हणाला. मुलीने छिन्नी घेतली आणि नट कापायला बसली. बाहेर पाणी उतारावर चढत होते.

दुसरा नट अजून शाबूत होता. मुलीने या वेळी स्वतः मला उचलले, नटावर ठेवले, हलतो का ते पाहिले. मी हललो नाही. एका झटक्यात नट सुटला. नळातून मिठाचा दगडासारखा गोळा निघाला. नळ नव्या नटांवर मी बसवला, पंप तेराने. पाणी बोटीच्या तळाला लागले तेव्हा इंजिन धडधडत होते आणि नावाडी आम्हा दोघांना सोडून सगळ्यांचे आभार मानत होता.

डबा भंगारात गेला, पण रिकामा. आता भिंतीवर दोन रांगा आहेत, इंचांची आणि मिलिमीटरची. तेराला दिवसातून दहा हाका येतात, मला महिन्यातून एखादी. मला अजून हेवा वाटतो, खोटे कशाला सांगू?

तरी तुम्हाला एवढेच सांगतो. एक नट उघडला म्हणून सगळे तसेच, असे धरू नका. पाना जरा जरी खुळखुळला तरी जोर लावू नका. नटाचे झिजलेले कोपरे परत येत नाहीत. आणि काम झाले की आम्हाला पुसून तेलाचा हात लावा. तेरालाही लावा, माझी ना नाही. फक्त आधी मला.