देवापुढे केलेली बदनामी

मुलुंडच्या ॲडव्होकेट स्वरदा कुडतरकरच्या पाटीवर ‘माध्यमं आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ असं झोकात लिहिलेलं होतं. तिच्या सासूबाई, कुंदाताई, ती पाटी बघून म्हणायच्या, “अगं, खाली ‘भाडेकरार करून मिळतील’ एवढं तरी टाक. चार माणसं जिना चढतील.”

आता सासूबाईंचं तरी काय चुकलं? बोलल्यामुळे कोर्टात खेचली गेलेली माणसं स्वरदाकडे यायची खरी, पण युक्तिवादाची तारीख आली की शेपूट घालायची. साप्ताहिकाचा संपादक माफी मागून मोकळा झाला. अंधेरीचा विनोदवीर माफी मागून गोव्याला गेला. व्यंगचित्रकाराने तर माफीनामा तिच्याच टेबलावर बसून लिहिला, वर “मॅडम, शुद्धलेखन बघता का जरा?” म्हणाला. मेल्यांनो, मग बोललात कशाला? इतक्या वर्षांत बाईला एकदाही पुरता युक्तिवाद करायला मिळाला नव्हता. पाठ मात्र चोख होता. भाजी निवडताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. मध्येच अडली तर नवरा श्रेयस झोपेतून पुढचं वाक्य सांगायचा.

शेवटी तिने घरात जाहीर केलं, “ही एक केस. ह्यातही अशिलाने माफी मागितली, तर पाटी उतरवते आणि भाडेकरार करत बसते.”

अशील होते विक्रोळीचे काशीराम घाडी. कारखान्यातून रिटायर झालेले मालवणी गृहस्थ. सोसायटीत पूजा असो की नवी लिफ्ट, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी एकेक मागणं देवापुढे मांडायचं आणि जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणत साथ द्यायची, ही कोकणातली रीत. यंदाच्या सत्यनारायणाला काकांनी माईक हातात घेऊन देवाला सांगितलं, “आमचो चेअरमन टाकीतला पाणी चोरून आपली गाडी धुता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!” सगळी सोसायटी गरजली, “व्हय म्हाराजा!” व्हिडिओ भांडुपपर्यंत पोचला आणि चेअरमन श्यामसुंदर चेंदवणकरांनी बदनामीचा खटला ठोकला.

“काशीकाका, तुम्ही माफी नाही ना मागणार?” स्वरदाने विचारलं.

“मागीन तर देवाकडे मागीन, बाय. त्या चेंदवणकराकडे कित्याक?”

स्वरदाला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

सुनावणीला सगळी सोसायटी डबे घेऊन हजर. काका आपणहून साक्षीला उभे राहिले. चेअरमनचे वकील उलटतपासणीला उठले आणि कोट सावरत म्हणाले, “तुम्ही नेमकं काय बोललात, ते कोर्टाला ऐकवा.”

“मधलाच तुकडो नाय येणा. सुरवातीपासून घालूचा लागता.”

“घाला!” वकीलसाहेब म्हणाले. बिचारे नागपूरचे. त्यांना काय कल्पना!

काकांनी डोळे मिटले, हात जोडले. “बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागचे बाक दणाणले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबल आपटलं. “पुन्हा आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन!”

लोकांनी तोंडावर हात धरले. काकांना कसलं भान! त्यांची तार लागलेली. “आणि आमचो चेअरमन टाकीतला पाणी चोरून आपली गाडी धुता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!”

कोर्टात चिडीचूप. आणि त्या शांततेत फिर्यादीच्या खुर्चीतून, पोटाच्या तळापासून, खणखणीत आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

चेंदवणकरच ते! जन्म मालवणचा, लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड उघडतंच, मग ते स्वतःच्या विरुद्ध का असेना.

“ऑब्जेक्शन!” त्यांचेच वकील ओरडले. स्वतःच्या अशिलावर ऑब्जेक्शन घेणारा वकील कोर्टाने पहिल्यांदाच पाहिला असावा.

चेंदवणकर घामाघूम. दहा मिनिटं कुजबुज झाली आणि त्यांनी खटला मागे घेतला. काका सुटले, लोक हसत डबे उचलायला लागले.

“साहेब, माझा युक्तिवाद?” स्वरदा म्हणाली.

“आता कशाला? सुटले ना तुमचे अशील.”

ती टेबलापाशी सरकली. “साहेब, मला बोलायचंय हो. एकदा तरी.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बरं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोला.”

आणि स्वरदा बोलली. राज्यघटनेपासून सुरू झाली, सुप्रीम कोर्टाचे निकाल घडाघडा सांगितले, कलमामागून कलम काढलं. डबे घेऊन उठलेली माणसं परत बाकावर बसली. चेंदवणकरसुद्धा बसले. सुट्टी झाली तरी कोणी हललं नाही.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “झ्याक बोललंस, बाय! पण माका एक अक्षर कळला नाय.”

स्वरदाचा चेहरा खर्रकन उतरला. “कोणालाच कळलं नाही? मग उठून का नाही गेलात सगळे?”

“साफ येडा गो तू,” काका म्हणाले. “बोलणाऱ्या माणसाक अर्ध्यार टाकून कोण जाता काय?”

स्वरदाने रुमाल शोधला. सापडला नाही, तेव्हा तिने सरळ काळ्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं.