वाघिणीची फणी

“योक सिमताई, तुम्ही जरा मागच्या दारी जाता का?”

दारात चोय उभी. हातात लाल पिशवी, नजर जमिनीवर. मलेशियातल्या आमच्या इपोहमध्ये आशीर्वाद म्हणत नवरीचे केस विंचरणाऱ्या आम्ही दोघीच उरलेल्या, आणि एकमेकींचं तोंड बघत नाही. ही बया सकाळी साडेसहाला माझ्याच घरी, माझ्याच मुलीच्या लग्नात!

“तुझं काय काम इथं? माझ्या पोरीचे केस मी विंचरणार.”

“मला नवऱ्या मुलाच्या आईनं बोलावलंय, ताई. तुम्ही वाघाच्या सालातल्या, असं कळलं. नवरी सजताना वाघाची नजर पडली तर तिचा संसार वाघ खातो. तुम्हीच सांगता ना लोकांना?”

सांगत होतेच! आमच्या चिनी पंचांगात दर साल एका प्राण्याचं असतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात शिरताना मीच विचारत आले, “वाघाच्या सालातलं कुणी आहे का? मागे जा.” सख्ख्या आत्या-मावश्यांना हाकललं मी. आणि वाघीण मीच. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी जन्मले. वाघाच्या मुलीला स्थळ मिळत नाही, म्हणून आईनं दाईच्या हातात पैशांचं लाल पाकीट कोंबलं आणि मला तीन दिवस मागे ढकलून बैलाच्या सालात घातलं. बैल म्हणजे गरीब, कष्टाळू. लग्न झालं, नवरा धडधाकट, तीन मुलं. तीनशेवर मुली माझ्या हातून विंचरून सासरी गेल्या. कुणाला खाल्लं मी?

पण चोयला हे कळलं कसं? आई गेली, दाई गेली. नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त लेकीला, मेई क्वानला, ती सोळा वर्षांची असताना, तिची वेणी घालता घालता, हसत हसत.

तशीच तिच्या खोलीत गेले. ती आरशासमोर केस सोडून बसली होती.

“तू सांगितलंस?”

तिनं मान वळवली नाही. “हो.”

“सासूनं विचारलं असेल. बैल म्हणायचंस गं! मी जन्मभर म्हणत आले.”

“त्यांनी नाही विचारलं, आई. मीच त्यांना सांगितलं. मला भीती वाटली.”

“कसली?”

“बाजूच्या गल्लीतली फुई लिंग दोन वर्षांत परत आली ना माहेरी? तिला तूच विंचरलं होतंस.”

“तीनशेतली एक परत आली, तेवढीच दिसली तुला?”

“हळू बोल, बाहेर ऐकू जाईल.”

“आता काय ऐकायचं राहिलंय? उद्यापासून मला कोण बोलावणार, मेले?”

वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, असं म्हणतात. इथं वाघिणीलाच पिल्लानं खाल्लं.

मागच्या अंगणात गेले. चुलीवर तांदळाच्या गोड गोळ्या शिजत होत्या, मीच पहाटे वळलेल्या. विंचरून झालं की नवरीनं खायच्या. नियमाप्रमाणं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. खिशात चंदनाची फणी होती. मेई क्वान महिन्याची झाली तेव्हा या दिवसासाठी घेतलेली. एकाही डोक्यात घातली नव्हती.

आत चोयनं चार फण्यांचे चार आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. “पहिली फणी, शेवटापर्यंत सोबत. दुसरी फणी, भुवया पांढऱ्या होईस्तो सुख. तिसरी फणी...”

आणि थांबली. घाबरून विसरली असणार. विंचरणं मध्येच तुटणं म्हणजे मोठा अपशकुन. कुणीतरी खोकलं.

मग माझ्या लेकीचा आवाज आला, भिंतीपलीकडून, रडवेला. “आई, तिसरं काय गं?”

जिभेवर आलं होतं, विचार तुझ्या चोयला! ओठ दाबून धरले. फणीचे दात तळहातात रुतले.

“तिसरी फणी,” मी भिंतीला म्हटलं, “घर भरून नातवंडं.”

चोयनं ते मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

चौथं कुणी विचारलं नाही. तेही मीच म्हटलं, तोंड भिंतीकडेच ठेवून.