कधीही खोटं न बोलणारा ताणकाटा

हे तुमच्यापैकी कोणालाच खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना ताणकाटा आहे, आणि जन्मल्यापासून आजपर्यंत मी एकदाही खोटं बोललेलो नाही.

मित्रांनो, शेंगा फोडता फोडता जरा वर बघा. स्लॅबच्या कडीला लटकलेला, पितळी तोंडाचा, तो मीच. खाली आकडा, मध्ये गोल तबकडी, तबकडीवर पन्नास किलोपर्यंतच्या रेघा. एका रेघेला दोनशे ग्रॅम. ज्या भट्टीत मी घडलो तिची आच इतकी होती, की त्या दिवशी शेजारच्या तीन गावांत चुली पेटल्याच नाहीत. बायांनी भाकरी थापून नुसत्या भिंतीला लावल्या आणि भाजून काढल्या. माझ्या स्प्रिंगची तार गुंडाळायला म्हणे अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी मी मंद्रूपच्या बाजारात विकायला आलो.

तिथे मला नागूबाई भेटली. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. विकणारा ओरडत होता, "घ्या, घ्या, फुल्ल गॅरंटी!" तिने गॅरंटीकडे कान दिला नाही. पिशवीतून मिठाच्या एकेक किलोच्या पाच पुड्या काढल्या आणि माझ्या आकड्याला लटकवल्या. काटा बरोबर पाचवर थांबला. मग तिने घासाघीस सुरू केली. असं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. लोक आधी भाव करतात आणि घरी जाऊन वस्तू बघतात. ही बाई वस्तू आधी बघायची.

घरी आल्यावर माझं पहिलं मोठं काम म्हणजे गॅसचं सिलिंडर. त्याच्या गळ्याशी रिकामं वजन लिहिलेलं असतं. त्यात आतला चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस मिळवायचा, की भरल्या टाकीचं वजन झालं. नागूबाईला हे पाठ होतं. सिलिंडरवाला म्हणाला, "मावशी, सील हाय की! कशाला तोलताय?"

"सील तुजं, पैसे माजे. लटकव."

दीड किलो कमी भरलं! त्याने गुपचूप दुसरी टाकी आणून दिली. गल्लीतल्या बायांनी आपापल्या टाक्या उचलून आणल्या. ती रांग एमआयडीसीच्या फाटकापर्यंत गेली होती. तुम्ही हसताय, पण मी उंचावर होतो, मला दिसत होती. नागूबाईने त्या दिवशी बायांना एकच सांगितलं. "ऐकायचं समद्याचं. पण लटकवून बघायचं आपल्या हातानं."

माझं नाव झालं. त्या भरात एक पराक्रमही घडला. नागूबाईचा नवरा हणमंत मोठा गमत्या माणूस. एका दुपारी तो म्हणाला, "बगू तरी, मी किती किलोचा हाय!" आणि दोन्ही हातांनी आकडा धरून त्याने चक्क झोका घेतला. पन्नास किलोचा काटा आणि बासष्ट किलोचा हणमंत! पण मी तुटलो नाही. माणूस तोलणारा सोलापुरातला पहिला ताणकाटा मीच. त्या दिवशी माझी छाती जी फुगली, ती आजतागायत उतरलेली नाही.

तेव्हापासून नागूबाईची नजर मात्र थोडी अधू झाली असावी. मी वीस किलो दोनशे दाखवावेत आणि तिने वीसच म्हणावं. मी सात किलो दाखवावेत आणि तिने सहा आठशे म्हणावं. वयच ते! मी कधी चारचौघांत तिची चूक काढली नाही.

पुढे हणमंत गेला. मुलगा सतीश नागूबाईच्याच टॉवेलच्या कारखान्यात लागला. सून चैताली आली आणि तिच्यामागून बॅटरीवर चालणारा इवलासा काटा आला. मग मी मागच्या दाराशी गेलो. माझ्या आकड्याला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवली. मी तीही इमानाने तोलत राहिलो. आठशे ग्रॅम, आठशे ग्रॅम, आठशे ग्रॅम. दिवसभर, चार वर्षं. बघायला कोणी येत नव्हतं. तबकडीवर धूळ बसली, आकड्याला गंज धरला. मित्रांनो, उपयोगाची वस्तू बिनकामाची पडली की तिला काय वाटतं, ते चिमट्यांनाच विचारा.

आणि मग नागूबाई कामावरून निवृत्त झाली.

तिच्या हातात साडेतीन लाख रुपये आले. तीस वर्षांच्या शिलाईचे. त्या पैशांचं काय करायचं ते तिने केव्हाच ठरवलं होतं. घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकायचा. सोलापूरच्या मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी पाण्याचा माठसुद्धा घाम पुसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण एका रविवारी सकाळी सतीशचा दोस्त दिपक आला. हातात चकचकीत कागदांची भली मोठी पिशवी. म्हणाला, "मावशी, आमच्या योजनेत टाका. महिन्याला पाच टक्के. साडेतीन लाखाचे महिन्याला साडेसतरा हजार! बँक काय देतीय?"

सतीशचे डोळे चमकले. "आई, दोन वर्षं थांबू की. स्लॅब काय, वरचा मजला बी होईल."

नागूबाई उठली. तिने दिपकच्या हातातली पिशवी घेतली, माझ्यावरचे चिमटे काढले आणि ती पिशवी मला लटकवली. चार वर्षांनी मला काम मिळालं! मी दोन किलो दोनशे दाखवले.

"दोन किलो," म्हातारी म्हणाली. "रद्दीचा भाव बारा रुपये. ह्यातनं चोवीस रुपये नक्की येत्यात. आता बाकीचं तू सांग."

चैताली तोंडाला पदर लावून हसली. दिपक रागावला नाही, कारण पोरगा मनाने साधा. "मावशी, चेष्टा नका करू. लई लोकांनी टाकल्यात."

"बरं. पैसा वाढतोय तर वाढतोय कुटं? शेतात का मागावर?"

"ते कंपनी वर गुंतवती."

"वर म्हंजी? पत्र्यावर?"

"आई!" सतीश कळवळला.

"थांब रं. दिपक, तू किती टाकलास?"

"ऐंशी हजार. बायकोचे दागिने मोडून."

"आन लागले तर कवा मिळणार?"

"कवाबी! मागितले की दुसऱ्या दिवशी."

"मग असं कर," नागूबाई म्हणाली. "तू तुजे ऐंशी मागून बग. दुसऱ्या दिवशी हातात पडले, की माजे साडेतीन लाख मीच त्यांच्या हापिसात नेऊन देते."

दिपक हसत गेला. पहिल्या आठवड्यात कळलं, सर्व्हर बंद आहे. दुसऱ्या आठवड्यात साहेब पुण्याला गेले होते. तिसऱ्या आठवड्यात दिपक जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या दारातच बसला, तेव्हा कसेबसे तीस हजार सुटले. महिन्याभरात त्या दाराला कुलूप लागलं.

तो आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. "पन्नास गेले, मावशी."

"तीस आले की. आन बायकोपास्नं लपवू नको, तिला बी संगट घे. चल, तक्रार द्यायची." ती त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. सतीश त्या दिवशी जेवताना मान वर करत नव्हता. नागूबाईने त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

स्लॅबच्या वेळीही तिने तीन मिस्त्र्यांकडून दर काढले आणि सगळ्यांत स्वस्ताला आणि सगळ्यांत गोड बोलणाऱ्याला, दोघांनाही लांबूनच नमस्कार करून तिसऱ्याला काम दिलं. लोखंडाच्या सळया गाडीतून उतरल्या, तेव्हा मला पुसलं, तेल दिलं आणि पाच-पाच सळया लटकवून सगळा माल तोलून घेतला. त्या दिवशी मी एकट्याने एवढं लोखंड तोललं, की गाडीवाल्याने मला नोकरी देऊ केली. मी नाही म्हणालो. नागूबाईसारखी मालकीण सोडून कोण जाईल? स्लॅब पडला आणि त्यातल्याच एका कडीला मी आलो. यंदाच्या मे महिन्यात खाली माठाने एकदाही घाम पुसला नाही हो!

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळीत टाकू नका. वर्षातून दोनदा तेल द्या. गोड बोलणाऱ्यांचं, छापील कागदाचं, दोस्ताच्या दोस्ताचं, कोणाचंही सांगणं तसंच धरून चालू नका. फक्त माझ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवा, कारण मी जन्मात कधी...

"आज्जी!" शेंगा फोडणारी दीक्षा, नागूबाईची नात, एकदम उभी राहिली. मान वर करून ती माझ्याकडेच बघत होती. "अगं, ह्याला कायबी लटकवलेलं न्हाय, आन काटा दोनशेवर हाय की!"

नागूबाईने सुपातून डोकं वर काढलं नाही.

"ठावं हाय गं. तुज्या आज्यानं झोका घेतला तवापास्नं एक रेघ पुढंच सांगतोय त्यो. एक रेघ वजा करायची, मग त्याच्यावानी खरा दुसरा कोण न्हाय."