गोडबोल्याला मत

आमच्या चामड्याच्या कारखान्यात टाकी साफ करायला माणूस आत उतरतो. झाकण उघडलं की तासभर थांबायचं, आतला विषारी वायू निघून जाऊ द्यायचा, मगच उतरायचं. उतरायला परवानगी देतो तो आम्ही कामगारांनी निवडलेला प्रमुख, साहेब नव्हे. हा हक्क आम्ही भांडून मिळवलाय.

दहा वर्षं हे काम खडूसबाईंकडे होतं. बाई तपासणी विभागातल्या, तोंडाने महाफटकळ. घड्याळ बघत टाकीपाशी उभ्या राहायच्या आणि पाच मिनिटं आधी उतरायचं नुसतं नाव काढलं तरी चारचौघांत अब्रू काढायच्या. माझीही काढली होती. अस्सा संताप आला होता मला!

यंदा त्यांच्यासमोर गोडबोल्या उभा राहिला. सगळ्यांच्या पोरांची नावं त्याला पाठ, आणि 'नाही' हा शब्द कुणाला म्हणून कधी ऐकवला नाही. आम्ही हात वर करून मत देतो. त्याच्यासाठी सगळीकडून हात वर झाले, त्यात माझाही. टाकीत उतरायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. त्यानं मात्र बाईंना मत दिलं.

"दादा, आत मी जातो," तो म्हणाला.

"गप रे, बाईचा चमचा!" मी त्याची टर उडवली.

महिन्याभरानं एका शनिवारी सगळ्यांना लवकर घरी जायचं होतं. मीच गोडबोल्याला म्हटलं, "आज तासभर कशाला? उरकून टाक की."

"तुम्ही म्हणाल तसं!" तो हसून म्हणाला.

धाकट्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिडीवर पाय ठेवला. वर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. सगळं संपलं होतं.

गोडबोल्या ढसाढसा रडला. आठ दिवस आमच्या घरी राबला, आईला स्वतःच्या हातानं भरवलं. खडूसबाई एकदाच आल्या. दारातूनच मला म्हणाल्या, "मी असते तर तो जगला असता, आणि तू मला शिव्या घालत घरी गेला असतास." आईनं त्यांना हाकलून दिलं.

त्या अपघातामुळे काल पुन्हा निवडणूक झाली, उभे तेच दोघं. निघताना आईनं माझा हात धरला.

"त्या अवदसेला देऊ नकोस हं. किती रडला रे बिचारा आपल्यासाठी! त्यालाच दे."

त्या शनिवारी घाई कुणी केली, हे तिला अजून ठाऊक नाही. बाईंना मत दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली असती, आणि का दिलं ते तिला सांगावं लागलं असतं.

मी गोडबोल्याला मत दिलं.