अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या

कवळीताईंना कुणीही भेटलं की आधी त्याचे दात दिसत. उभा जन्म डेंटल लॅबमध्ये मेण आणि प्लास्टर हाताळून कवळ्या घडवल्यावर दुसरं काय होणार? त्या दिवशीही समोरची तरुण डॉक्टर बोलायला लागली, तेव्हा त्यांचं लक्ष आधी तिच्या पुढच्या दाताच्या उडालेल्या टवक्याकडे गेलं. शब्द जरा उशिरा पोचले.

"उजव्या स्तनातली गाठ कॅन्सरचीच आहे," डॉक्टर सांगत होती. "पण जुना परत आलेला नाही. हा नवा आहे, वेगळा. लहान असतानाच सापडलाय."

ताईंनी मान हलवली. शेजारी त्यांची लेक बसली होती. लहानपणी गालात घास धरून ठेवायची म्हणून घरात तिला खारू म्हणत, ते अजून सुटलं नव्हतं.

"पहिल्या वेळी तुम्ही एकतीस वर्षांच्या होतात," डॉक्टरने विचारलं. "डावीकडचं ऑपरेशन, मग किरणोपचार, मग गोळ्या. गोळ्या पाच वर्षं घेतल्यात?"

"दोन."

"का थांबवल्यात?"

ताईंनी पदराशी चाळा केला. उत्तर टाळण्यासारखं नव्हतं.

"मूल हवं होतं. त्या गोळ्या चालू असताना दिवस राहून चालत नाहीत म्हणाले."

खारूच्या हातातली पाण्याची बाटली चुरगळल्याचा आवाज झाला. तिनेच विचारलं, "त्या पूर्ण घेतल्या असत्या, तर हे झालं नसतं?"

डॉक्टर विचार करून बोलली. "शक्यता कमी झाली असती, हे खरं. त्या गोळ्या दुसऱ्या बाजूलाही जपतात. पण झालंच नसतं, असं मी सांगू शकत नाही. पूर्ण पाच वर्षं घेतलेल्या बायकांनाही होतो. आणि तरुणपणी घेतलेल्या किरणांनी दुसऱ्या बाजूचा धोका किंचित वाढतो. म्हणून किरण घ्यायलाच नको होते का? ते नसते, तर कदाचित डावीकडचाच उलटला असता."

तिने आनुवंशिक दोष आहे का ते पाहायला ताईंचं रक्त तपासायला पाठवलं. तसा दोष काही निघाला नाही.

त्या दिवसापासून खारू शहाण्यासारखी वागायला लागली. एरवी दुपारपर्यंत अंथरुणात लोळणारी पोरगी आईच्या आधी उठून चहा टाकायची, न सांगता भांडी घासायची, उलट उत्तर म्हणून द्यायची नाही. "घरात सून आल्यासारखं वाटतंय," बाबा म्हणाले, पण त्यांच्या विनोदावर कुणी हसलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात जेवताना खारूने सांगून टाकलं, "ती दुसऱ्या शहरातली नोकरी मिळाली होती ना, तिला मी नकार कळवलाय."

ताईंचा घास हातातच राहिला. "का गं?"

"असंच. इथेच बघेन काहीतरी."

बाबा काही बोलणार होते. ताईंनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. जेवण झाल्यावर त्या लेकीच्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"माझी परतफेड करतेयस का तू?"

खारूने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्यामुळे झालं ना तुला."

"तुझ्यामुळे कसं? तू तेव्हा कुठे होतीस? मी थांबवल्या, माझ्यासाठी. त्या वेळच्या डॉक्टरांनी सगळं समोर बसवून सांगितलं होतं. धोका वाढेल म्हणाले. तुझे बाबा नको म्हणत होते, मूल नसलं तरी चालेल म्हणत होते. मीच हटून बसले. मला आई व्हायचं होतं."

"आणि आता?"

"आता भीती वाटते," ताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? त्या ऑपरेशनच्या टेबलावर परत झोपायचंय. पण तुला बघून कधी पस्तावले नाही. तू मात्र अशी पाहुण्यासारखी वागायला लागलीस की मला वाटतं, मी जिला मागून घेतलं ती पोर गेली कुठे?"

खारू रडली. खूप वेळ, आवाज न करता. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सकाळी उठून तिने नोकरीच्या ठिकाणी फोन केला. जागा अजून रिकामी होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ पूर्ण निघाली, काखेतही काही नव्हतं. केमोची गरज पडणार नाही म्हणाले. गोळ्या मात्र पुन्हा आल्या, या वेळी वेगळ्या, पाळी गेलेल्या बायकांच्या. त्या गोळ्यांनी ताईंची बोटं सकाळी आखडून जायची. मेणात दाताची कड कोरायला आधी हात कोमट पाण्यात धरून बसावं लागे. पण त्यांनी एकही गोळी चुकवली नाही.

खारूला जायला चार दिवस उरले होते. ताईंनी मदत म्हणून तिची बॅग भरायला घेतली, आणि तिचे इस्त्रीचे कपडे बुटांखाली दडपले.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" खारू करवादली. "सगळा चोळामोळा केलास. जा ना तू बाहेर."

ताई निमूट बाहेर आल्या. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "काय झालं?"

"ओरडली माझ्यावर," ताई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून त्यांनी डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.